साखरेच्या व्यापाऱ्याची प्रेमगीतं

बोटीवर शनिवारची रात्र म्हणजे मेस रूममध्ये कराओके. मी तेव्हा एका बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या बोटीवर, थर्ड इंजिनिअर होतो. क्रू बावीस जणांचा. आम्ही चार भारतीय, त्यातले दोघे रत्नागिरीकडचे, आणि बाकी जवळजवळ सगळे फिलिपिनो. आमचा फिटर पन्नाशीला टेकलेला होता, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दोन्ही हातांवर पांढरे ठिपके पडलेले. त्याने माइक घेतला आणि नेमकं द्वंद्वगीत लावलं. आता बोटीवर बाईचा आवाज कुठून आणणार? तर ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा, उठला आणि बाईच्या ओळी त्याने म्हटल्या. खालच्या पट्टीत, पण अगदी मनापासून. मी हसायच्या तयारीत होतो. आजूबाजूला पाहिलं तर कोणीच हसत नव्हतं. चीफ कुक हातातली बशी तशीच धरून दारात थांबला होता.

गाणं होतं 'प्लीज बी केअरफुल विथ माय हार्ट'. 1989 साली आलेल्या 'कॉन्स्टंट चेंज' या अल्बममधलं. गायक आणि संगीतकार होसे मारी चान. फिलिपिन्सच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या भाषेत हा 'डायमंड' अल्बम, म्हणजे तिथल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांतला एक.

दुसऱ्या दिवशी इंजिन रूममध्ये मी फिटरला विचारलं, या गाण्यांत एवढं काय आहे? तो म्हणाला, "थर्ड, ही कॅसेट आमच्या घरात तीनदा आली." मला तेव्हा ते फुशारकीसारखं वाटलं. पुढे वाचत गेलो, त्या देशातल्या माणसांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, तेव्हा लक्षात आलं की 'हा अल्बम एवढा का खपला' याचं बरंचसं उत्तर त्या तीन कॅसेटींत आहे.

आधी माणूस कोण ते पाहू. होसे मारी चान यांचा जन्म 1945 चा, इलोइलो शहरातला, चिनी वंशाच्या फिलिपिनो घरात. इलोइलो आणि शेजारचं नेग्रोस बेट हा तिथला ऊसपट्टा, आणि चान कुटुंबाचा धंदा साखरेचा. आपल्याकडे साखरेशी संबंधित बडा माणूस म्हटलं की डोळ्यांपुढे कारखाना, बँक आणि निवडणूक उभी राहते. हा गृहस्थ साखर विकता विकता प्रेमगीतं लिहीत राहिला. पहिलं गाणं 1967 चं, पहिला अल्बम 1969 चा. 1973 मध्ये तोक्योच्या जागतिक गीतमहोत्सवात त्याने देशाचं प्रतिनिधित्व केलं. नाव होत होतं, तेवढ्यात 1975 मध्ये घरच्या साखरेच्या व्यवसायासाठी न्यूयॉर्कला जावं लागलं. तिथे अकरा वर्षं गेली. 1986 मध्ये, म्हणजे तिथला हुकूमशहा मार्कोस देश सोडून पळाला त्याच वर्षी, चान परतले. आणि तीन वर्षांनी, वयाच्या 44 व्या वर्षी, हा अल्बम. पोरींच्या उशाखाली ज्याचा फोटो असतो असा काही हा गायक नव्हता. चष्मा लावलेला, इस्त्रीच्या शर्टातला, मुलाबाळांचा बाप.

आता 'डायमंड' म्हणजे काय, कारण इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. तिथे रेकॉर्ड कंपन्यांची एक संघटना आहे, तिला लघुनामाने 'पारी' म्हणतात. ठरावीक आकडा पार केला की ती अल्बमला गोल्ड, प्लॅटिनम असा शिक्का देते, आणि प्लॅटिनमच्या काही पटी झाल्या की डायमंड. हा आकडा सहसा कंपनीने दुकानांकडे धाडलेल्या प्रतींचा असतो. लोकांनी किती ऐकलं याचा नाही. शिवाय शिक्क्याची किंमत काळाबरोबर उतरत गेली. एकेकाळी प्लॅटिनमसाठी 40,000 प्रती लागायच्या, नंतर ती अट टप्प्याटप्प्याने 15,000 वर आली. त्यामुळे अलीकडच्या एखाद्या गायिकेचा प्लॅटिनम आणि 1989 चा प्लॅटिनम शेजारी शेजारी ठेवून कोण मोठं हे ठरवणं म्हणजे जुन्या रुपयाची आणि आजच्या रुपयाची तुलना करणं. 1990 मध्ये फिलिपिन्सची लोकसंख्या सहा कोटी होती. त्यातल्या कितीतरी घरांत टेप रेकॉर्डर नव्हता. कॅसेट विकत घेणं म्हणजे दिवसाच्या मजुरीतून बाजूला काढायचे पैसे. अशा देशात काही लाख प्रती जाणं ही साधी गोष्ट नाही.

फिटरच्या घरात पहिली कॅसेट आली ती रेडिओमुळे. लग्नाआधी त्याची मैत्रीण एका दुकानात कामाला होती. दुकानात दिवसभर एफएम चालू. तिने गाणं ऐकलं आणि याच्या वाढदिवसाला कॅसेट दिली. यात नवल काही नाही. पण हे गाणं दिवसभर रेडिओवर लागत का होतं, यामागे एक सरकारी हुकूम आहे, आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मजेदार भाग वाटतो.

फिलिपिन्सवर स्पेनने तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं आणि 1898 पासून अमेरिकेने. 1901 मध्ये 'थॉमस' नावाच्या बोटीतून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि सरकारी शाळा इंग्रजीत सुरू झाल्या. शाळेमागून सिनेमा आला, सिनेमामागून गाणी. 1970 पर्यंत मनिलाच्या रेडिओवर अमेरिकन गाण्यांचं राज्य होतं आणि स्थानिक गायकाचं कौतुक 'अगदी अमुक अमेरिकनासारखा गातो' अशा शब्दांत व्हायचं. मार्कोसच्या राजवटीत 1975 मध्ये नियम आला की रेडिओने तासाला निदान एक तरी फिलिपिनो गाणं लावावं. तासाला एक! पाहुण्यांच्या पंगतीत घरच्या माणसाला कोपऱ्यात पाट द्यावा तसं. पुढे कोराझॉन अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि जुलै 1987 मध्ये त्यांनी आदेश क्रमांक 255 काढला. गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक रेडिओ स्टेशनने दर तासाला किमान चार मूळ फिलिपिनो गाणी लावलीच पाहिजेत.

खरी गंमत व्याख्येत आहे. 'मूळ फिलिपिनो गाणं' म्हणजे फिलिपिनो माणसाने रचलेलं गाणं, मग त्याचे शब्द फिलिपिनोत असोत, इंग्रजीत असोत, नाहीतर आणखी कुठल्या भाषेत. चान यांच्या अल्बममधली बहुतेक गाणी इंग्रजीत आहेत. 'हाहानापिन को'सारखं एखादं फिलिपिनोत. तरी नियमात ती सगळी बसतात. स्टेशनवर गाणी निवडणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. तासाला चार स्थानिक गाणी लावायचीत, पण अमेरिकन मऊ गाण्यांची सवय लागलेला श्रोता बिचकून दुसऱ्या स्टेशनवर जाता कामा नये. अशा वेळी इंग्रजी शब्दांचं, नीट बांधलेलं, हळू चालीचं आणि शिवाय कायद्याने 'आपलं' असलेलं गाणं मिळालं तर त्याला सोन्याचा भाव. हा माझा अंदाज आहे, पण आदेश 1987 चा आणि अल्बम 1989 चा हे पाहता फार चुकीचा नसावा. अर्थात नियम कागदावरच राहिला अशी तक्रार तिथले गायक आजही करतात.

या स्थानिक संगीताला तिथे 'ओपीएम' म्हणतात, ओरिजिनल पिलिपिनो म्युझिक. हे नाव डॅनी हाविएर या गायकाने पाडलं असं मानलं जातं. इंग्रजीत गायलेलं गाणं 'ओरिजिनल पिलिपिनो' कसं, यावर तिथे मोठे वाद होतात आणि मला त्या वादात दोन्ही बाजू पटतात. फिटरला मात्र यात वाद घालण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्याचं म्हणणं, टागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिनो भाषा जिच्यावर उभी आहे त्या बोलीत, 'माहाल किता' (माझं तुझ्यावर प्रेम आहे) म्हणायला छाती लागते. 'माहाल' म्हणजे प्रिय, आणि 'माहाल' म्हणजे महागसुद्धा. शब्द जड आहे, तोंडातून सहज निघत नाही. इंग्रजीतून तेच सांगितलं की थोडं अंतर राहतं, अंगाशी आलं तर गाण्याचे शब्द होते म्हणून सुटता येतं. मला हे लगेच कळलं. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य मी मराठी घरात कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही, आणि 'आय लव्ह यू' कॉलेजच्या कट्ट्यावर रोज ऐकलंय. ते लोक 'सेंटी' हा शब्दही वापरतात, आणि आपण वापरतो त्याच अर्थाने. सेंटी गाणी, सेंटी मूड. तो ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी मराठीतून उचलला असावा. प्रत्यक्षात दोघांनीही इंग्रजी शब्दाचा एकाच जागी लचका तोडलाय.

गाण्यांच्या बांधणीकडे वळू, कारण खप नुसत्या सरकारी आदेशाने होत नाही. तसं असतं तर आकाशवाणीवरच्या प्रत्येक समूहगीताच्या कॅसेटी घरोघरी दिसल्या असत्या.

त्या देशात प्रेमगीताची जुनी परंपरा आहे, तिचं नाव कुंदिमान. 'कुंग हिंदी मान', म्हणजे 'जरी तसं नसलं तरी', या शब्दांवरून ते नाव आलं असं सांगतात. नावातच नकाराची तयारी आहे, तू हो म्हणाली नाहीस तरी. कुंदिमान तीन-तीन मात्रांच्या झोक्यावर चालतं, दादरा कानात बसलेल्या माणसाला तो झोका परका वाटणार नाही. सुरुवात उदास, पाश्चात्त्य भाषेत मायनरमध्ये. मध्यावर चाल उजळते आणि मेजरमध्ये जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज तोच, पण कोमल गंधार आणि कोमल धैवत शुद्ध होतात. रडत सुरू झालेलं गाणं आशेवर येऊन संपतं. स्पॅनिश आणि अमेरिकन सत्तेच्या काळात याच साच्यात प्रेयसीच्या जागी देश बसवून गाणी गायली गेली. 1983 ते 86 मध्ये मार्कोसविरुद्धच्या मोर्च्यांत गायलं जाणारं 'बायान को' हे त्यातलंच.

दुसरी परंपरा हारानाची. मुलगा रात्री मित्रांना आणि गिटारला घेऊन मुलीच्या खिडकीखाली उभा राहतो आणि गातो. यात महत्त्वाचं काय, तर गाणारा गायक नसतो. तो शेतमजूर असतो, शिंपी असतो. त्यामुळे चाल अशी लागते की कोणालाही पेलावी, घरच्यांनी ऐकली तरी चालावी आणि शब्द सभ्य असावेत, कारण खिडकीत मुलीचा बापही असतो.

चान यांची गाणी या हारानाची थेट नातवंडं आहेत. सूर मध्यम पट्टीत फिरतात, ओळी बोलल्यासारख्या, कुठे ताना नाहीत, कुठे दम लागत नाही. याच्या उलट तिथे 'बिरित' नावाचा प्रकार आहे, छाती फाडून वरच्या स्वरात गाणं. बिरितच्या गाण्यात शेवटी सगळी चाल एक पायरी वर सरकते, म्हणजे पांढरी चारमध्ये चाललेलं गाणं अचानक काळी तीनमध्ये उडी मारतं आणि टाळ्या घेतं. पुढे या बिरितची सम्राज्ञी झाली रेजीन वेलास्केझ. आणि 'प्लीज बी केअरफुल विथ माय हार्ट'मध्ये चान यांच्याबरोबर गाणारी मुलगी तीच, तेव्हा जेमतेम विशीतली. त्याच 1989 मध्ये हाँगकाँगची आशिया-पॅसिफिक गायन स्पर्धा तिने जिंकली होती. त्या गळ्यात केवढी ताकद आहे हे माहीत असलेल्याने हे गाणं मुद्दाम ऐकावं. ती सगळी ताकद बाजूला ठेवून कानाशी बोलल्यासारखी गाते. ते दोघं एकमेकांना प्रश्न विचारतात, उत्तर देतात, सावध करतात. म्हणून तर फिटर आणि ऑइलरही ते गाऊ शकतात. बिरितचं गाणं त्यांनी उचललं असतं तर मी खरोखरच हसलो असतो.

असं गाणं ऐकून पोटात जे गुदगुल्यासारखं होतं त्याला ते 'किलिग' म्हणतात. 2016 मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात गेला. मराठीत नेमका शब्द मला सापडलेला नाही. 'शहारा' जवळ जातो, पण शहाऱ्यात भीतीही असू शकते, किलिगमध्ये नसते.

गायला सोपं हा मुद्दा त्या देशात आणखी वजनदार आहे, कारण तिथे गाणं ऐकण्यापेक्षा गाण्याची वस्तू आहे. रोबेर्तो देल रोसारिओ नावाच्या फिलिपिनो माणसाकडे गाण्याच्या यंत्राचं पेटंट होतं आणि त्यावरचा खटला 1996 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. कराओके जपानचं की आमचं, हा विषय बोटीवर काढू नका, एवढंच सांगतो. गल्लीत नाण्यावर चालणारं यंत्र असतं, गाणं संपलं की ते शंभरपैकी गुण देतं, आणि त्या गुणांवरून खरीखुरी भांडणं होतात.

दुसरी कॅसेट समजून घ्यायला मात्र बंदरावर जावं लागतं. 1974 च्या कामगार कायद्यापासून फिलिपिन्स सरकारने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे धोरणच केलं. आखातात बांधकामावर, हाँगकाँगमध्ये घरकामाला, रुग्णालयांत नर्स म्हणून, आणि आमच्यासारख्या बोटींवर. आज एक कोटीच्या आसपास फिलिपिनो देशाबाहेर आहेत आणि अलीकडच्या वर्षांत त्यांनी घरी पाठवलेली रक्कम वर्षाला 30 अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. आकडा मोठा आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की प्रेमगीत ज्याच्यासाठी गायचं तो माणूस घरात नाही, अशी लाखो घरं. अल्बमचं शीर्षकगीत 'कॉन्स्टंट चेंज' आहेच मुळी या गावातून त्या गावात जात राहण्याबद्दल, एखादी जागा घर वाटायला लागली की पुन्हा निघण्याबद्दल. ते लिहिणारा माणूस स्वतः अकरा वर्षं परक्या देशात काढून आला होता, फरक एवढाच की तो मालक म्हणून गेला होता.

त्या काळी परदेशी फोन म्हणजे पगाराचा फडशा. पत्र लिहायचा अनेकांना कंटाळा, म्हणून लोक कॅसेटवर आवाज भरून पाठवायचे. 'व्हॉइस टेप' म्हणायचे त्याला. कोरी कॅसेट हाताशी नसेल तर घरातली गाण्याची घ्यायची. गाण्याच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात, चुकून पुसलं जाऊ नये म्हणून. त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की झालं, रेकॉर्डचं बटण दाबलं जातं. आपल्या पिढीने हे उद्योग केलेत. फिटरच्या बायकोने हेच केलं. नवरा बोटीवर, हातात वाढदिवसाची ती कॅसेट, तिने मागच्या बाजूच्या गाण्यांवर स्वतःचा आवाज भरला आणि कंपनीच्या मनिला ऑफिसमार्फत पाठवून दिली. मग घरात गाणी उरली नाहीत, म्हणून तिने दुकानातून दुसरी आणली. कंपनीच्या हिशोबात ही नवी विक्री, आणि डायमंडच्या आकड्यात तिचीही भर.

पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, चान यांचा नाताळचा अल्बम आला आणि त्याने आधीचे सगळे विक्रम मोडले. तो आठ लाखांहून अधिक खपला असं सांगतात. तिथे सप्टेंबर लागला की नाताळ सुरू होतो. त्यामुळे दर 1 सप्टेंबरला चान यांचा फोटो लावलेले विनोद मोबाइलवर फिरायला लागतात, दाराआडून डोकावणारे चान, 'आलोच' म्हणणारे चान. त्यामुळे बाहेरच्या जगाला हा माणूस फक्त नाताळवाला वाटतो. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. 'ब्यूटिफुल गर्ल' इंडोनेशियातही घराघरात गेलं होतं आणि बोटीवरच्या इंडोनेशियन पोरांना ते तोंडपाठ असायचं. द्वंद्वगीतावरून नाव घेऊन 2012 मध्ये एक दैनिक टीव्ही मालिका आली, तीही तुफान चालली.

तिसरी कॅसेट खरं तर सीडी होती, मनिलाच्या कियापो बाजारातली. पदपथावर मांडलेली, पाकिटावरचा फोटो झेरॉक्सचा. ही विक्री कुठल्याच आकड्यात नाही. 2000 नंतर अशा नकली प्रतींनी तिथल्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. 2004 मध्ये सरकारने त्यासाठी वेगळं मंडळ काढलं आणि त्याच्या प्रमुखपदी चक्क एका नटाला बसवलं. कंपन्या घाबरून जोखीम घ्यायच्या बंद झाल्या. नवी गाणी करून घेण्यापेक्षा लोकांना आधीच आवडलेली जुनी गाणी नव्या आवाजात काढायची, हा मार्ग सुरक्षित. 2005 मध्ये नीना या गायिकेचा थेट कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम आला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रेमगीत मुळात एका इंग्लिश गायिकेचं, तरी अल्बम डायमंड झाला. आवाज सुंदर आहे, यात वाद नाही. पण 1987 च्या आदेशात 'मूळ' हा शब्द कशासाठी घातला होता हे तिथे विसरलं गेलं, असं मला वाटतं.

ती पहिली कॅसेट फिटरने जपून ठेवली होती. त्याच्या केबिनमध्ये जुना टू-इन-वन होता. एकदा सिंगापूरच्या बाहेर आम्ही नांगर टाकून होतो, तेव्हा त्याने मला ती ऐकवली. गिटार, मऊ आवाज, गाणं अर्ध्यावर आलं आणि खट्. मग कोंबडा आरवला, मागे कुठेतरी रेडिओ, आणि एका बाईचा आवाज, भरभर, मध्येच थांबून श्वास घेणारा. मला शब्द कळत नव्हते. फिटर डोळे मिटून ऐकत होता. मी बराच वेळ थांबलो आणि मग विचारलं, काय म्हणतेय?

"छप्पर गळतंय म्हणते," तो म्हणाला. "पत्र्याचे पैसे पाठव."